वाचलेल्या उड्डाणाची चौकशी

२५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन उडालेलं राज्य सरकारचं सिकोर्स्की हेलिकॉप्टर क्षणार्धात विजेच्या तारांत अडकलं आणि वस्तीत आदळलं. सगळे बचावले. ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणून असा विषय मिटवणं सोपं असतं. पण चौकशीच्या दृष्टीने जीव न गेलेला अपघातच जास्त मोलाचा, कारण वैमानिक सांगायला हयात असतो आणि यंत्र खाक झालेलं नसतं. निलंग्यात बोट ठेवलं गेलं ते वजनावर. मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या तापलेल्या, विरळ हवेत पात्यांची उचल घटते; मुंबईत सकाळी सहज पेलणारा भार तिथे भर उन्हात डोईजड होतो. मंत्र्यांच्या लवाजम्यातल्या एकाला ‘तुम्ही गाडीने या’ असं वैमानिकाने सांगायचं कसं, हा प्रश्न मात्र हवामानाचा नव्हे.

भारतात अशा चौकशीची सूत्रं दीर्घकाळ नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या हातात होती. परवाना देणारं, तपासणी करणारं आणि अपघातानंतर कारण शोधणारं खातं एकच असेल, तर तपासणीतली ढिलाई कागदावर आणणार कोण? विमान अपघात अन्वेषण ब्युरो उभा राहायला २०१२ उजाडलं. तोही महासंचालनालयाच्याच मंत्रालयाखाली आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. वेगळेपण अर्धंच मिळालं. दुसरा आक्षेप तितका टिकत नाही. दोष न ठरवणारी चौकशी म्हणजे मोठ्यांना पाठीशी घालणं, असं म्हणतात. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या १९५१ च्या तेराव्या परिशिष्टाने दोषारोप बाजूला ठेवून पुढचा अपघात टाळणं हाच हेतू ठरवला. पोलीस आणि न्यायालयाची वाट त्याने बंद होत नाही. उलट प्रत्येक वाक्य अंगाशी येणार असेल, तर वैमानिक तोंड उघडेलच कशाला?

वाचलेल्यांच्या साक्षीचं मोल किती, याचा ताळा मुंबईजवळच्या समुद्रात मिळतो. १३ जानेवारी २०१८ रोजी ओएनजीसीच्या कर्मचाऱ्यांना नेणारं पवनहंसचं हेलिकॉप्टर कोसळलं, सातही जण गेले. उरले ते अवशेष आणि नोंदी. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ रिगजवळ दुसरं हेलिकॉप्टर पाण्यात उतरवावं लागलं. नऊपैकी चौघे दगावले, पाच वाचले. पाण्याला टेकल्यापासून बाहेर पडेपर्यंत आत काय घडलं, हे त्या पाचांखेरीज कोण सांगणार?