धातूची कौले : छपराचे आयुष्य ठरते लेपावर

मंगळुरी कौलांचे छप्पर ही कोकण, गोवा, कर्नाटक आणि केरळ या किनारी प्रदेशांतील घरांची जुनी ओळख आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला आणि तेथून ही कौले देशभर पोहोचली. अलीकडे मात्र अनेक घरांवर त्याच आकारात दाबलेला रंगीत पोलादी पत्रा दिसू लागला आहे. एक चौरस मीटर मातीच्या कौलांचे वजन सुमारे ४० किलो भरते, तर तेवढ्याच पत्र्याचे ४ ते ५ किलो. त्यामुळे वासे आणि रिपा कमी लागतात, माकडांच्या उड्यांनी कौले फुटत नाहीत आणि दरवर्षी छप्पर चाळावे लागत नाही. परंतु दुकानात अगदी सारख्याच दिसणाऱ्या दोन पत्र्यांपैकी एक काही पावसाळ्यांतच कडांना तांबूस पडतो, तर दुसरा एक पिढी टिकतो. हा फरक कारखान्यातील प्रक्रियेमुळे पडतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

पोलादाचा पत्रा कसा तयार होतो?

पोलादाची जाड पट्टी प्रथम तापवून लाटली जाते. तिच्यावरील काळा थर आम्लाने धुऊन काढल्यानंतर ती थंड अवस्थेत पुन्हा लाटून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ केली जाते. लाटण्यामुळे कठीण झालेली ही पट्टी भट्टीत तापवून हवी तेवढी मऊ केली जाते आणि तेथूनच ती वितळलेल्या धातूच्या कुंडात उतरते. कुंडातून वर येताना दोन्ही बाजूंनी हवेचे तीव्र झोत सोडून जादा धातू निपटून काढतात. लेपाची जाडी याच टप्प्यावर ठरते.

पन्हाळी पत्र्याचे स्वामित्व हक्क हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये लंडनमध्ये घेतले होते. मात्र लोखंडावर जस्ताचा लेप देण्याची पद्धत स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये फ्रान्समध्ये नोंदवली आणि त्यानंतरच असा पत्रा खऱ्या अर्थाने टिकाऊ झाला.

जस्त की मिश्रलेप?

जस्त पोलादाला केवळ झाकत नाही. ओरखडा पडून पोलाद उघडे झाले तरी ओलाव्यात आधी जस्त झिजते आणि शेजारचे पोलाद वाचते. म्हणूनच कापलेल्या कडा लगेच गंजत नाहीत. परंतु जस्त संपले की हे संरक्षणही संपते. त्यामुळे एकाच हवामानात पत्र्याचे आयुष्य साधारणपणे लेपाच्या वजनाच्या प्रमाणात असते.

हे वजन दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये आणि दोन्ही बाजू मिळून सांगितले जाते. २७५ ग्रॅमच्या लेपात प्रत्येक बाजूला सुमारे २० मायक्रॉन जस्त असते, तर १२० ग्रॅमच्या लेपात ते जेमतेम साडेआठ मायक्रॉन भरते. भारतात जस्तलेपित पत्र्यासाठी आयएस २७७ हे मानक आहे.

दुसरा प्रकार मिश्रलेपाचा. त्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, सुमारे ४३.५ टक्के जस्त आणि उरलेले सिलिकॉन असते. ॲल्युमिनियमचा थर पाणी आणि हवा रोखतो, तर जस्त कडांचे रक्षण करते. खुल्या हवेत हा लेप तेवढ्याच जाडीच्या निव्वळ जस्तापेक्षा अधिक टिकतो. मात्र ओल्या सिमेंटशी सतत संपर्क आल्यास आणि बंदिस्त गोठ्यातील अमोनियामुळे त्याची हानी होते. तेथे तो टाळावा.

रंग आणि आकार

लेपावर रासायनिक प्रक्रिया करून सुमारे ५ मायक्रॉनचा अस्तर रंग आणि त्यावर साधारण २० मायक्रॉनचा अंतिम रंग देतात. प्रत्येक थर २०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात भाजला जातो. साधा पॉलिएस्टर रंग स्वस्त असतो, पण उन्हाने लवकर फिकटतो. सिलिकॉनयुक्त पॉलिएस्टर त्याहून टिकाऊ असून पीव्हीडीएफ हा रंग सर्वांत दीर्घकाळ टिकतो.

यानंतर पत्रा रुळांच्या रांगेतून जातो आणि त्यावर उभ्या लाटा उमटतात. मग दाबयंत्र ठरावीक अंतरावर आडवी पायरी पाडते. त्यामुळे सलग पत्रा कौलांच्या ओळींसारखा दिसतो. या वळणांवर लेप आणि रंग ताणले जातात. पोलाद फार कठीण असेल किंवा रंग ठिसूळ असेल, तर तेथे सूक्ष्म भेगा पडून गंजाची सुरुवात होते. म्हणून साध्या पन्हाळी पत्र्याला कठीण पोलाद चालते, तर कौलाच्या आकारासाठी तुलनेने मऊ पोलाद वापरावे लागते.

काही कौलांवर रंगाऐवजी दगडाची बारीक खडी ॲक्रिलिकच्या थरात चिकटवतात. त्यामुळे पावसाचा आवाज कमी होतो. तरीही अशा कौलाचे आयुष्य खडीखालच्या लेपावरच अवलंबून असते.

जाडीचा घोळ

ग्राहकाची सर्वाधिक फसगत जाडीच्या आकड्यात होते. ‘०.५० मि.मी.’ हा आकडा निव्वळ पोलादाचा आहे की लेप आणि रंग धरून, हे विचारणे आवश्यक आहे. १५० ग्रॅमचा मिश्रलेप आणि दोन्ही बाजूंचा रंग धरून पत्रा ०.५० मि.मी. असेल, तर आतील पोलाद सुमारे ०.४२ मि.मी.च भरते.

वजन हा याचा सोपा पडताळा आहे. आकार देण्यापूर्वीची सपाट रुंदी धरल्यास असा पत्रा दर चौरस मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो. निव्वळ पोलादच ०.५० मि.मी. असल्यास वजन ४ किलोच्या थोडे वर जाते. खरेदीपूर्वी पोलादाची जाडी, लेपाचा प्रकार आणि वजन, रंगाचा प्रकार आणि आयएसआय चिन्ह या चार गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात.

वादळ आणि खिळे

हलकेपणा हा या छपराचा गुण आहे आणि तीच त्याची कमजोरीही आहे. ३ मे २०१९ रोजी ओडिशात पुरीजवळ धडकलेल्या ‘फनी’ आणि ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात असंख्य घरांचे पत्रे उडाले. वारा छपराला वर ओढतो आणि ही ओढ कडा, कोपरे आणि आढ्यापाशी सर्वाधिक असते. तेथे स्क्रू अधिक जवळ बसवावे लागतात. पत्रा जाड असला, तरी रिपा वाशांना आणि वासे भिंतीला घट्ट बांधलेले नसतील, तर त्या जाडीचा उपयोग होत नाही.

स्क्रूवर गंजरोधक लेप आणि त्याखाली चांगल्या रबराची चकती हवी. पत्रा ग्राइंडरने कापल्यास उष्णतेने कडेचा लेप जळतो आणि उडालेले लोहकण रंगावर गंजाचे ठिपके पाडतात. म्हणून तो कात्रीने कापावा. पावसाळ्यात पत्रे एकावर एक रचून झाकून ठेवल्यास मध्ये साचलेल्या पाण्याने जस्तावर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते आणि छपरावर चढण्याआधीच लेप झिजू लागतो. पत्रे कोरड्या जागी, जमिनीपासून उंच आणि हवा खेळेल असे ठेवणे हिताचे ठरते.