शेलची आठवण

१९७१च्या युनिक्समधल्या शेलला मागचं काही आठवत नसे. टेलिटाइपवर चुकलेलं अक्षर रद्द करायला ‘#’ दाबायचं. चूक मात्र कागदावर छापलेली राहायची. म्हणजे आठवण होती ती कागदाला! पडद्याने तोही नेला. १९७०च्या दशकाअखेरीस बर्कलीत बिल जॉयने सी शेलमध्ये आज्ञांचा इतिहास ठेवला: ‘!!’ लिहिलं की मागची आज्ञा पुन्हा. ओळीत मागेपुढे सरकून दुरुस्ती करणं पुढे बेल लॅब्जमधल्या डेव्हिड कॉर्नच्या शेलने रुळवलं. १९८९मध्ये बॅश आला. त्यात वरचा बाण दाबला की झालं. पण इतिहास फाइलीतही उतरतो, आज्ञेत लिहिलेल्या पासवर्डसकट. हिस्टकंट्रोलला ‘इग्नोरस्पेस’ सांगितलं, तर आधी मोकळी जागा सोडलेली आज्ञा नोंदली जात नाही. मी ते सांगून ठेवलंय.