छायाचित्रांची पारख

दोष दाखविणे आणि दुरुस्ती सुचविणे या दोन गोष्टी आपल्याकडे बहुधा एकच मानल्या जातात. त्यांतील अंतर ओळखावयाचे असेल, तर हौशी छायाचित्रकारांचा इतिहास पाहावा.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिचे सभासद होते; त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रे घेत व पुढे सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही होते. सभासदांत हौशी मंडळी पुष्कळ. सभेत चित्रे मांडावयाची, निबंध वाचावयाचे आणि आपले अनुभव एकमेकांस सांगावयाचे, असा परिपाठ होता.

या परिपाठामागे गरज होती. त्या काळी प्रचारात येत असलेल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर लेप देऊन ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगेच धुवावे लागे. आपल्या उन्हाळ्यात लेप भराभर सुके. चित्र डागाळले, तर चूक रसायनाची, पाण्याची, प्रकाशाची की हाताची, हे एकट्यास उमगणे कठीण. विलायतेच्या थंड हवेत लिहिलेली पुस्तके येथील उन्हात किती पुरी पडणार? ते ज्ञान शेजारच्या सभासदापाशीच मिळण्याजोगे होते. अशा ठिकाणी ‘चित्र वाईट आहे’ हा अभिप्राय कुचकामाचा. ‘लेप केव्हा दिलात? भिंग किती वेळ उघडे ठेवलेत?’ हा प्रश्न लाखमोलाचा. खरी पारख निकालाने नव्हे, चौकशीने सुरू होते.

मात्र अशा चौकशीस परस्परविश्वास लागतो. बंगालची सोसायटी १८५६ साली निघाली. थोर पंडित राजेंद्रलाल मित्र तिचे खजिनदार होते. निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध त्यांनी जाहीर भाषण केले, म्हणून १८५७ साली त्यांना सोसायटीतून काढण्यात आले. त्या वादाचा छायाचित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. जेथे माणसाला समान मान नाही, तेथे त्याच्या चित्राला न्याय कसा मिळावा?

आता आपल्या वडवणीकडे वळू. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे मूळचे इंदूरच्या बांधकाम खात्यातील नोकर. हौसेतूनच ते या कलेकडे वळले. त्यांच्या चित्रांत दरबार, शिकारी आणि इमारती यांना मोठे स्थान मिळाले. ऊसतोडीला निघालेले कुटुंब, आठवडी बाजार, घरातील थकलेली आजी यांची चित्रे मात्र आपणच घ्यावयाची आहेत. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये आहे. काच फुकट जाण्याची धास्ती उरली नाही. बिघडलेले चित्र बोटाने पुसता येते. पण चित्रासोबत ‘का बिघडले?’ हा प्रश्नही पुसला जातो, हे नुकसान लहान नव्हे. ऊसतोडीची गाडी एकदा निघून गेली, की तो क्षण पुन्हा मिळत नाही.

म्हणून स्नेह्याने चित्र दाखविले, तर आधी त्याला काय टिपावयाचे होते ते विचारावे. जे साधले ते नेमके सांगावे. मग एकच उणीव दाखवावी, आणि तीही उपायासह: ‘आजीला दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवा.’ कोरडी वाहवा आणि कोरडी निंदा ही सख्खी भावंडे आहेत. दोहोंनीही पुढचे चित्र सुधारत नाही.