राजासॉरस

भारतात सापडलेला मांसाहारी डायनोसॉर. शास्त्रीय नाव राजासॉरस नर्मदेन्सिस. 'नर्मदाकाठचा सरडेराजा' असा त्याचा अर्थ लावता येतो. गुजरातमधील बालासिनोरजवळच्या रहिओली येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी १९८२–८४ या काळात त्याची हाडे गोळा केली. नामकरण मात्र २००३ मध्ये झाले. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, सुमारे ६.७ कोटी वर्षांपूर्वी तो वावरत होता.

कपाळावरचे एकच बुटके, बोथट शिंग ही त्याची ठळक ओळख. नाकाची व कपाळाची हाडे मिळून ते बनले होते. एवढ्याशा शिंगाने भक्ष्य भोसकता येणार नाही. ते स्वजातीयांशी टकरा देण्यासाठी किंवा मिरवण्यासाठी असावे. लांबी साधारण सात मीटर.

आबेलिसॉरिड कुळातील त्याच्या नातलगांचे हात अगदीच खुरटे, जवळजवळ निरुपयोगी होते. शिकारीची मदार आखूड, उंच कवटी आणि जाड मानेवर असे: भक्ष्याचा लचका धरायचा आणि ते हतबल होईपर्यंत सोडायचे नाही. मादागास्करमधील माजुंगासॉरस या नातलगाच्या दातांचे ओरखडे तर त्याच्याच जातीच्या हाडांवर आढळले आहेत.

राजासॉरसचे अवशेष ज्या लामेटा खडकांत मिळाले, तेच खडक चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत. तेथील डोंगरगावला आयसिसॉरस या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा सापडला.