खटका

खिशात एक छोटा चाकू असावा, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. पेन्सिल तासायला, पार्सलची सुतळी कापायला, एसटीच्या प्रवासात पेरू चिरायला. त्यासाठी फार पैसे मोजावेत असं मात्र मला कधी वाटलं नाही. ‘बेताच्या पैशात बरा चाकू कसा निवडायचा?’ असं कुणी विचारलं की माझं उत्तर लांबत जातं, कारण ते दुकानातून निघून इतिहासात शिरतं. आज ते लांबलेलं उत्तरच आपल्यापुढे ठेवतो.

आधी शब्द पाहू. ‘सुरी’ संस्कृतातल्या ‘क्षुरिके’वरून आली. ‘चाकू’ आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत तो तुर्कांकडून आला. लिहिणाऱ्या माणसाच्या चाकूला फारसीत वेगळंच नाव आहे, ‘कलमतराश’, म्हणजे कलम तासणारा. माझे वडील उर्दू शाळेत शिक्षक होते. त्यांच्या टेबलावर बोरू तासायचा एक आखूड पात्याचा चाकू असे आणि त्याला घरात कुणी चाकू म्हणत नसे. मराठीत तर ‘कलम’ या शब्दाचे खेळ आणखी मोठे. लेखणी ती कलम, आंब्याच्या फांदीचं बांधतात ते कलम आणि कायद्याचंही कलमच. पहिल्या दोन्हींना चाकू लागतो. तिसरं चाकूवर लागतं. त्याच्याकडे पुढे येतोच.

चाकू हातात घेतला की बहुतेक लोक अंगठ्यानं धार चाचपतात. मी सांधा पाहतो. बोथट पात्याला धार लावता येते, डुगडुगणारा सांधा मात्र सहसा सुधारत नाही. खिशात ठेवायचा म्हणजे चाकू मिटला पाहिजे, आणि मिटणारा चाकू म्हटलं की एकच जुना प्रश्न उभा राहतो : काम चालू असताना तो आपल्याच बोटांवर मिटणार नाही कशावरून? रोमन लोकांचे मिटणारे चाकू युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. तेव्हापासून माणूस या प्रश्नाशी झगडतो आहे. सगळ्यात साधा उपाय म्हणजे खिळा घट्ट ठोकायचा आणि पातं घासत उघडायचं. दुसरा, मुठीच्या पाठीत लवचीक पोलादी पट्टी बसवायची, म्हणजे पातं उघडल्यावर दाबून धरलं जातं, पण जोर दिला तर मिटतं. शेफील्डचे चाकू याच जातीचे. तिसरा उपाय खटक्याचा. पातं उघडलं की खटका अडतो आणि तो सोडवल्याशिवाय चाकू मिटत नाही.

यांतल्या पहिल्या उपायातून तिसऱ्याकडे गेलेला आणि तरी गरिबाच्या आवाक्यात राहिलेला चाकू मला फ्रान्समध्ये सापडतो. आल्प्सच्या कुशीत साव्हॉय नावाचा प्रांत आहे. तो फ्रान्सला जोडला गेला १८६० साली. तिथल्या मॉरिएन खोऱ्यातल्या एका डोंगरी गावी १८७२ मध्ये जोझेफ ओपिनेलचा जन्म झाला. घरचा धंदा लोहारकीचा. बाप कुऱ्हाडी, कोयते आणि छाटणीची हत्यारं घडवायचा आणि पंचक्रोशीत त्याच्या मालाला नाव होतं. पोराला मात्र यंत्रांचा नाद. त्यानं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला होता. १८९० मध्ये, अठराव्या वर्षी, त्यानं शेतकऱ्याच्या खिशासाठी एक चाकू केला. लाकडी दांडा, त्यात करवतीनं पाडलेली चीर, एक पातं, एक खिळा आणि खिळ्याला आधार देणारं पोलादी कडं. पाठीत पट्टी नाही, दुसरं पातं नाही, नक्षी नाही. जी वस्तू स्वस्त करायची तिच्यातून काय काय काढून टाकता येईल, हे त्या पोराला अचूक कळलं होतं. पुढे त्यानं लाकूड कापायला आणि चीर पाडायला यंत्रंही स्वतःच रचली.

हे चाकू फेरीवाल्यांच्या पोतडीतून डोंगर उतरले. १८९७ मध्ये ओपिनेलनं १ ते १२ अशा क्रमांकांची मालिकाच काढली. एक नंबरचं पातं जेमतेम दोन सेंटिमीटरचं. तो घड्याळाच्या साखळीला अडकवत. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं आणि तोच सर्वांत जास्त खपला. क्रमांकांची ही कल्पना मला फार आवडते. चपलेसारखा चाकू. आपल्या हाताचा आणि कामाचा जो नंबर असेल तो घ्या, दुकानदाराशी वाद घालायचं कारण नाही. १९०९ मध्ये मुकुट घातलेल्या हाताचा शिक्का व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला गेला. तो आजही पात्यावर असतो.

आता गंमत अशी की, १८९० पासून १९५५ पर्यंत, म्हणजे पासष्ट वर्षं, या चाकूला खटका नव्हता. नुसत्या घर्षणावर पातं उभं राही. लाकूड पावसाळ्यात फुगलं की चाकू उघडतच नसे. मग दांड्याचं बूड टेबलावर ठोकायचं, की पातं थोडं बाहेर डोकावतं. या ठोक्याला तिकडे ‘साव्हॉयचा ठोका’ असंच नाव आहे. उलट उन्हाळ्यात लाकूड आकसलं की सांधा सैल. किती बोटं रक्ताळली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. १९५५ मध्ये घराण्यातल्याच मार्सेल ओपिनेलनं त्या कड्यावर दुसरं, फिरणारं कडं चढवलं. पातं उघडायचं, कडं बोटभर फिरवायचं, की चीर झाकली जाते आणि पात्याला मागं यायला वाटच राहत नाही. चार भागांचा चाकू पाच भागांचा झाला आणि किमतीत फारसा फरक पडला नाही. आजही फ्रान्समध्ये तो दहा-पंधरा युरोंच्या घरात मिळतो. हा खटका कुणाला मारण्यासाठी लावलेला नव्हता, शेतकऱ्याचं बोट वाचावं म्हणून लावला होता. हे वाक्य आपण जरा लक्षात ठेवावं.

स्वित्झर्लंडच्या लाल चाकूची कथा सर्वांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. तिथल्या लष्कराच्या नव्या बंदुकीला स्क्रू-ड्रायव्हर लागे, डबे उघडायला हत्यार लागे, म्हणून एकाच चाकूत सगळं बसवायचं ठरलं. पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आणावी लागली, ती कार्ल एल्सेनर या स्विस कारागिराच्या मनाला लागली आणि १८९१ पासून तो स्वतः पुरवठा करू लागला. १८९७ मध्ये त्यानं अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. कात्री, चिमटा वगैरे भाविकांची गर्दी त्यात नंतर झाली. माझं मत विचाराल तर बेताच्या पैशात बारा अवजारांचा चाकू घेऊ नये. त्याच किमतीत एक चांगलं पातं येतं. बारा पाती येतात तेव्हा त्यांतली बरीच नुसती मोजण्यासाठी असतात.

जपानच्या हिगोनोकामी चाकूची हकीकत मात्र थोडक्यात सांगण्यासारखी नाही. ह्योगो प्रांतातल्या मिकी या अवजारांच्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो घडू लागला. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं आणि पात्याच्या मागं शेपटीसारखी निघालेली छोटी पट्टी. ती अंगठ्यानं दाबून धरायची, म्हणजे पातं मिटत नाही. खटका असा नाहीच. मालकाचा अंगठा हाच खटका. इतका स्वस्त की शाळकरी पोरांच्या खिशात असायचा, पेन्सिली तासायला आणि बांबूची खेळणी करायला. ऑक्टोबर १९६० मध्ये तोक्योतल्या एका जाहीर सभेत इनेजिरो असानुमा या समाजवादी नेत्यावर सतरा वर्षांच्या एका तरुणानं हल्ला केला. ते मेले. हत्यार होतं आखूड तलवार. पण त्यानंतर ‘मुलांच्या हाती पाती नकोत’ अशी देशभर मोहीम निघाली आणि पोरांच्या दप्तरातून पेन्सिल तासायचा चाकू गेला. गुन्हा तलवारीनं केला, शिक्षा हिगोनोकामीला झाली. मिकीमध्ये त्या नावाचा हक्काचा चाकू घडवणारा एकच कारखाना शिल्लक राहिला.

आता तिसऱ्या कलमाकडे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्रास्त्र कायदा आहे आणि त्याखालचे नियम. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं त्यात शस्त्र ठरतात, मात्र घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. हे वगळणं शहाणपणाचं आहे, नाहीतर प्रत्येक कोयता गुन्हेगार ठरता. दिल्लीनं १९८० मध्ये अधिसूचना काढून ही मर्यादा बरीच खाली आणली. स्प्रिंगचे, बटनाचे, गरारीचे आणि यंत्रयुक्तीनं उघडणारे वा मिटणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल, तर त्यात आले. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे नेमके तीन इंच. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातही आकडा तीन इंचांचाच आहे. तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा मिटणारा चाकू तिथं विनाकारणही बाळगता येतो. पण नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिथल्या न्यायालयानं ठरवलं की, खटक्यानं पक्का होणारा चाकू हा ‘मिटणारा’ नव्हेच. तो बाळगायला सबळ कारण हवं. म्हणजे शेतकऱ्याचं बोट वाचावं म्हणून १९५५ मध्ये जे कडं फिरवलं, त्याच कड्यामुळे तो चाकू इंग्लंडात संशयित झाला. खुद्द फ्रान्समध्येही आता योग्य कारणाशिवाय चाकू घेऊन हिंडता येत नाही.

खटक्याचा विषय निघाला आणि रामपूरचं नाव आलं नाही, असं आपल्याकडे होणारच नाही. रामपूर हे उत्तर प्रदेशातलं जुनं नबाबी संस्थान. तिथल्या रझा ग्रंथालयात अरबी-फारसी हस्तलिखितांचा असा साठा आहे की देशोदेशीचे अभ्यासक तिथं येतात. रामपूर-सहसवान हे गायकीचं घराणं तिथलंच. आणि माणसांना रामपूर ठाऊक आहे ते चाकूमुळे! रामपुरीच्या सांध्यात दाते असतात. पातं उघडताना ते एकेक करून अडतात आणि ‘कट्-कट्-कट्’ असा आवाज येतो. तो आवाज हिंदी सिनेमानं उचलला. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये मदन पुरीच्या हातातल्या चाकूवर राजकुमार जो संवाद बोलतो, तो आजही लोक नकला करून म्हणतात. त्या आवाजानं चाकूचा खपही वाढवला असेल, पण त्याची अब्रू घालवली. नव्वदच्या दशकात राज्य सरकारनं साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आणली आणि आधीच ओसरत चाललेला धंदा बसला. २०२३ मध्ये त्याच शहरातल्या एका चौकात सुमारे सहा मीटर लांबीचा चाकू उभारला गेला. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. साव्हॉयमधला लोहार आणि रामपूरचा कारागीर, दोघांनीही चाकूला खटकाच लावला. एकाची सहलीच्या टोपलीत पावाशेजारी जागा झाली, दुसऱ्याची खलनायकाच्या मुठीत.

मराठीत ‘खटका’ मनातही असतो. काही वर्षांपूर्वी एका साहित्य संमेलनाच्या दारावर झडती चालली होती. माझ्या पुढे असलेल्या प्राध्यापक मित्राच्या किल्ल्यांच्या जुडग्यात छोटा चाकू होता. सुरक्षा रक्षकानं तो पाहिला, हसला आणि ‘आत काढू नका, सर’ म्हणाला. माझ्या खिशातून जवळजवळ तसाच निघाला. मग त्यानं माझी निमंत्रणपत्रिका मागितली, नाव दोनदा वाचलं आणि दुसऱ्याला बोलावलं. कशासाठी बाळगता? पेन्सिल तासायला. पेन्सिल कुठाय? ती होती, आणि तासलेली होती. वीस मिनिटांनी मी मंचावर पोचलो तेव्हा माझ्या कवितेची पाळी टळून गेली होती. मित्र घरी येताना म्हणाला, ‘‘अरे, तू कशाला असलं काही बाळगतोस?’’ मी म्हटलं, ‘‘तू बाळगतोस त्यासाठीच.’’ तो पुढं काही बोलला नाही आणि मीही विषय वाढवला नाही. आमची मैत्री जुनी आहे.

चाकू बाळगणं मी सोडलेलं नाही. निवड मात्र त्या दिवसापासून अधिक काटेकोर झाली, आणि विचारणाऱ्याला मी तीच सांगतो. पातं तीन इंचांच्या आत. ओपिनेलच घ्यायचा तर सहा नंबर, पातं साधारण सात सेंटिमीटर, किंवा त्याहून लहान. आपल्याकडे तो बाहेरून येतो म्हणून महाग पडतो. तेवढे पैसे नसतील तर आठवडी बाजारात किंवा बियाणांच्या दुकानात कलमं बांधायचा मिटणारा चाकू मागावा. तो निमूट असतो आणि त्याचं काम लगेच सांगता येतं. साधं कार्बन पोलाद असेल तर कैरीनं पातं काळं पडेल, त्याला घाबरू नये. ते चटकन धार घेतं. गंजाची कटकट नको असेल तर स्टेनलेस घ्यावं. त्याची वाट शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ मध्ये दाखवली. उघडलेलं पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावं. हललं तर परत द्यावा. उघडताना फार आवाज करणारा तर घेऊच नये.

माझा सध्याचा चाकू बिनखटक्याचा आहे, पाठीत पट्टी असलेला. पितळी टोप्यांच्या मुठीचा. दर शुक्रवारी सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब सोडतो आणि जाड पेन्सिल तासून पाहतो. टरफल एकसंध, लांब निघालं तर धार ठीक आहे. तुटत निघालं तर दगडावर पाच-सहा हात फिरवावे लागतात.