दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा खरा कसा दिसायचा?

दिवाळी जवळ आली की बाजारात मातीची चित्रं येतात. सिंहासनावरचे छत्रपती शिवाजी महाराज, तोफ, वाघ, गवळण आणि ढाल-तलवार घेतलेले मावळे. घराघरांतले किल्ले अनेकदा राजगड किंवा तोरण्याच्या धर्तीवर उभे राहतात. हे दोन्ही गड पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यात आहेत, तर शेजारच्या भोर तालुक्यात रोहिडा आणि रायरेश्वर आहेत. किल्ला हुबेहूब करण्यासाठी मुलं माची, बुरूज, दरवाजे नकाशा बघून बनवतात. पण त्यावर उभा राहणारा मावळा कितपत खरा असतो?

मावळा म्हणजे कोण?

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची नद्यांची खोरी म्हणजे मावळ. तिथला रहिवासी तो मावळा. वेल्ह्याचा भाग गुंजण मावळात येतो, तर भोरच्या परिसरात हिरडस मावळ आणि रोहिड खोरं आहे. अफजलखानाच्या स्वारीत महाराजांच्या बाजूने ठाम उभे राहिलेले कान्होजी जेधे रोहिड खोऱ्यातल्या कारीचे. 1660 मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांसोबत लढलेली बांदलांची तुकडी हिरडस मावळातली.

यातले बरेचसे पायदळ शिपाई शेतकरी होते. पावसाळ्यात शेती आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहीम, असं त्यांचं वर्ष असे. त्यामुळे मावळ्याची मूर्ती करताना राजवाड्यातला पहारेकरी डोळ्यांसमोर आणून चालत नाही. डोंगर चढणारा, काटक शरीराचा शेतकरी आधी दिसायला हवा.

मातीचे मावळे एकसारखे का असतात?

याचं कारण साच्यात आहे. बाजारातली बहुतेक चित्रं दोन भागांच्या साच्यातून काढतात. माती दोन्ही भागांत दाबायची, ते जोडायचे आणि थोडी सुकल्यावर मूर्ती बाहेर काढायची. अशा साच्यात बाहेर आलेला हात किंवा उगारलेली तलवार अडकते आणि मोडते. म्हणून तलवार छातीला चिकटलेली, ढाल पोटावर आणि पाय एकमेकांना जोडलेले दिसतात.

प्लास्टर ऑफ पॅरिसमुळे काम वेगाने होतं आणि बारकावेही उठून दिसतात. पण हे प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. शाडू किंवा लाल मातीची न भाजलेली मूर्ती मात्र पुन्हा भिजवून मळता येते.

कपडे कोणते दाखवायचे?

इथे सर्वात मोठी चूक होते ती गणवेशाची. सगळे मावळे एकाच रंगाच्या कपड्यांत दाखवले जातात. प्रत्यक्षात शिवकाळातल्या पायदळाला आजच्यासारखा सरसकट गणवेश नव्हता. डोक्याला मुंडासं, अंगात बंडी किंवा अंगरखा, गुडघ्यापर्यंतचा चोळणा आणि कमरेला घट्ट बांधलेला शेला असा वेश दाखवणं योग्य ठरतं. पुणेरी पगडी इथे चालणार नाही. ती नंतरची.

संदर्भासाठी एक समकालीन चित्र महत्त्वाचं आहे. व्हेनिसचा प्रवासी निकोलाव मनुची याने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून काही चित्रं काढून घेतली होती. त्यातल्या एका चित्रात घोड्यावर स्वार महाराज आणि सोबत पायी चालणारे शिपाई आहेत. 1686 पूर्वीचं हे चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मात्र मीर मुहम्मद मुघल शाहजाद्याच्या पदरी होता, हे लक्षात ठेवून ते बघावं. खोऱ्यातल्या साध्या शिपायाचा वेश याहून साधा असणार.

हत्यारं कोणती?

तलवार, ढाल, भाला, धनुष्यबाण, दांडपट्टा आणि तोड्याची बंदूक. या बंदुकीत बार पेटवायला जळती वात लागायची. म्हणून बंदूकधारी मावळ्याच्या हातात वातीचा दोर दाखवायचा. साधा शिवणाचा दोरा त्यासाठी पुरतो. खऱ्या जुन्या शस्त्रांचे आकार जवळून बघायचे असतील तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय सोयीचं आहे.

माप कसं ठरवायचं?

जगभरात ऐतिहासिक सैनिकांच्या छोट्या मूर्ती बनवणाऱ्यांचं एक आवडतं माप म्हणजे 54 मिलिमीटर. 1.7 मीटर उंचीचा माणूस साधारण 32 पट लहान केला की हे माप येतं. मग हिशोब सोपा होतो:

- डोकं उंचीच्या साधारण साडेसातव्या हिश्शाचं, म्हणजे 7 मिमी
- 90 सेंटिमीटरची तलवार 28 मिमी
- अडीच मीटरचा भाला 78 मिमी

याच मापाने गड करायचा ठरवला, तर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,376 मीटर उंचीच्या राजगडासाठी 43 मीटरची उंची लागेल. म्हणजे साधारण चौदा मजली इमारत! त्यामुळे अंगणातल्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा मोठा दिसणारच. त्यावर उपाय म्हणजे संपूर्ण गडाऐवजी एखादा दरवाजा किंवा संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीचा छोटा तुकडा करणं.

घरी एक मावळा कसा घडवायचा?

1. बारीक तारेचा सांगाडा करा. हात-पाय कोणत्या स्थितीत हवेत ते इथेच ठरतं.
2. त्यावर दोन भाग मिसळून घट्ट होणारी एपॉक्सी पुट्टी लावा. आधी शरीर, ते कडक झाल्यावर कपडे आणि शेवटी मुंडासं. भाला आणि तलवारीसाठी तारच वापरा.
3. पूर्ण सुकल्यावर फिक्या रंगाचा एक पातळ हात द्या, म्हणजे वरचा रंग धरतो.
4. पांढरा कपडा शुभ्र ठेवू नका. न रंगवलेलं सुती कापड मळकट दिसतं. लाल आणि निळा रंगही थोडा उतरलेला घ्या.
5. घड्यांमध्ये पातळ तपकिरी रंग सोडा. तो सुकला की जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग फिरवा. एवढ्याशा मूर्तीतही खोली दिसू लागते.

दहा मावळे असतील तर?

एक नाईक करा. शिवकाळात पायदळाच्या दर दहा जणांमागे एक नाईक असे. त्याच्यावर हवालदार आणि जुमलेदार. दहाही जणांचे चेहरे, वय आणि मुंडासी वेगवेगळी ठेवली, की ते साच्यातून निघालेलं सैन्य वाटत नाही. खोऱ्यातल्या वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसं वाटतात. जेधे आणि बांदलांची नावं इतिहासात राहिली, पण त्यांच्यासोबतच्या बहुतेकांची राहिली नाहीत. किल्ल्यावरच्या मावळ्याला निदान स्वतःचा एक चेहरा तरी देता येतो.