हाडाचा पत्ता रक्तपेशीला कोण सांगते?

मार्च १९८३. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली. तिला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया होता. भारतातील हे पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. बालपणीच्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीवरूनच रुग्ण तपासत. ही विद्या ते सिॲटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे शिकून आले होते.

'प्रत्यारोपण' म्हटले की शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे येते. येथे रुग्णाला साधा टाकाही पडत नाही. दात्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढायची, गाळायची आणि रक्त चढवतात तशी रुग्णाच्या शिरेत सोडायची. तिच्यातील मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, रक्ताबरोबर हृदय-फुप्फुसांतून फिरत आपसूक हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त दिसू लागते. रुग्णाची स्वतःची मज्जा त्याआधीच औषधांनी किंवा किरणांनी नष्ट केलेली असते. पेशी वाट चुकल्या, तर मागे फिरायला जागा नसते.

आणि ही वाट त्यांना कशी सापडते, हे १९८३ साली जगात कोणालाच ठाऊक नव्हते. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले, तेव्हाही नव्हते! वैद्यकात असे पुष्कळदा घडते. उपचार पुढे जातो, कारण मागाहून सापडते.

उत्तराचा धागा जपानमधून आला. १९९६ साली ताकाशी नागासावा व सहकाऱ्यांनी उंदरांतील एक जनुक निकामी केले. गर्भाच्या यकृतात मायलॉइड पेशी तयार होत राहिल्या, पण मज्जा जवळजवळ ओस पडली. त्या जनुकापासून बनणारे प्रथिन म्हणजे सीएक्ससीएल-१२. मज्जेतील आधारपेशी ते सतत स्रवतात. मूलपेशीच्या पृष्ठभागावर ते ओळखणारा ग्राहक असतो, सीएक्ससीआर-४. संकेत मिळताच पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि भिंत ओलांडून, प्रथिन जिकडे दाट तिकडे सरकते. १९९९ मध्ये इस्राएलच्या त्स्वी लापिदोत यांच्या गटाने हा ग्राहक अडवून पाहिला. मानवी मूलपेशी उंदरांच्या मज्जेत रुजेनाशा झाल्या. पुढे असेही आढळले, की किरणांनी वा औषधांनी पोळलेल्या मज्जेत हे प्रथिन काही काळ वाढते. उजाड घरातून हाक अधिक मोठ्याने येते म्हणा ना.

गंमत अशी, की याच ग्राहकाच्या दारातून एड्सचा विषाणूही पेशीत शिरतो. ते दार बंद करण्यासाठी शोधलेले प्लेरिक्साफोर विषाणूवर चालले नाही. पण ते दिल्यावर मूलपेशी मज्जा सोडून रक्तात येऊ लागल्या. २००८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ती दात्याच्या नव्हे, रुग्णाच्याच पेशी रक्तातून गोळा करण्यासाठी. त्या साठवायच्या आणि तीव्र औषधोपचारानंतर त्यालाच परत द्यायच्या.

टाटा स्मारकाचे हे प्रत्यारोपण केंद्र २००७ मध्ये परळहून रायगड जिल्ह्यात आले, पनवेल तालुक्यातील खारघरच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेत. तेथेही पेशींची पिशवी शिरेलाच जोडली जाते. पुढची वाट पेशींनी शोधायची असते.